गुरुवारची नणंद

चिमीच्या आईची चूक एवढीच, की तिला माणसाला नुसतं माणूस म्हणता येत नव्हतं. समोर पुरुष आला की त्याचा काका नाहीतर मामा व्हायचा आणि बाई आली की मावशी नाहीतर आत्या. यात तिचं एकटीचं काही खास नाही, आपण सगळे हेच करतो. भाजीवाली मावशी, रिक्षावाले काका, बँकेतले मामा. यातल्या एकाही काकाने आजवर "म्हणजे नक्की कुठल्या बाजूचा?" असं वळून विचारलेलं नाही. आपण नातं हवेत सोडतो आणि पुढच्या कामाला लागतो.

ती नवऱ्याच्या नोकरीपायी ज्या शहरात येऊन राहिली होती, तिथली माणसं मात्र असं सोडलेलं काही वाया जाऊ देत नसत.

शहर तसं गुणी होतं. रस्ते स्वच्छ, बस वेळेवर, शेजारी सभ्य. इतके सभ्य की लिफ्टमध्ये शेजारी उभे राहूनही कुणी कुणाला दिसल्याचं दाखवत नसे. नवरा बंदरावरच्या शीतगृहात थंडी तयार करणारी यंत्रं सांभाळायचा. एक आठवडा बंदरावर, एक आठवडा घरी. घरी असला की सवयीने स्वेटर घालून झोपायचा. चिमी पाच वर्षांची, आणि दुसरं बाळ वाटेवर.

बाळंतपणाला चिमीची आजी येणार होती. तिकीट काढून झालं होतं, बॅग भरून दाराशी उभी होती, आणि गॅलरी पुसताना आजी घसरली ती थेट खुब्याचं हाड मोडूनच थांबली. ऑपरेशन चांगलं झालं, पण प्रवास बंद. फोनवर मायलेकींनी एकमेकींना "तू मुळीच काळजी करू नकोस" असं खणखणीत आवाजात सांगितलं आणि फोन ठेवून दोघींनी आपापल्या देशात भरपूर रडून घेतलं.

कारण चिमीच्या वेळी आई उशाशी होती. कळ आली की तिचा हात पिळायचा, इतका की तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या त्या दिवशी राहिल्याच नाहीत. आता कोण? इथल्या इस्पितळात प्रसूतीच्या खोलीत एकाच माणसाला सोडत आणि ते नात्यातलंच लागे. नवऱ्याचा आठवडा घरचा निघाला तर बरं, आणि निघाला तरी काय मोठंसं? सुई दिसली की तो आधी खुर्ची शोधतो. चिमीच्या जन्माच्या वेळी तो दवाखान्याबाहेर झाडाखाली उभा होता आणि तिथेही त्याला दोघांनी धरलं होतं. थोडक्यात, आत आपण एकट्या असणार, हे चिमीच्या आईला कळून चुकलं होतं. तिला त्याची भयंकर भीती वाटायची. ती कुणाला सांगत नसे, कारण सांगायला कुणी असतं तर भीतीच वाटली नसती.

अशातच एकदा लिफ्ट अडकली.

दोन मजल्यांच्या मध्ये ती आणि चिमी बराच वेळ बसून होत्या. शेवटी दुरुस्तीवाल्याने वरून दार उघडलं, हात देऊन दोघींना ओढून घेतलं. ओशट कपडे, जाड मिशा, कमरेला नट आवळायचे पाने. चिमीने विचारलं, "आई, हे कोण?"

"मामा आहेत. थँक्यू म्हण मामांना."

चिमी म्हणाली. लिफ्टवाल्याने विचारलं, "काय म्हणाली ती मला?" (ही सगळी बोलणी अर्थात तिथल्या भाषेत झाली. आपण ती आपल्या भाषेत ऐकायची.)

"मामा."

"म्हणजे?"

"म्हणजे आईचा भाऊ."

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "कुणाच्या आईचा?"

"हिच्या. म्हणजे माझा. म्हणजे तसं नाही हो, आमच्यात आपलं म्हणतात."

"भाऊ आहे की नाही?"

आता ज्या माणसाने नुकतंच तुम्हाला बोगद्यातून ओढून काढलंय, त्याला तोंडावर "नाही" कसं म्हणायचं? चिमीची आई म्हणाली, "आहे."

"मला विचार करावा लागेल," लिफ्टवाला म्हणाला. "घरीही विचारावं लागेल."

पुढच्या आठवड्यात दाराची घंटा वाजली. लिफ्टवाला दाढी करून, धुतलेला शर्ट घालून उभा. "बायकोची हरकत नाही," तो म्हणाला. "तिचं म्हणणं एवढंच, की इतकी वर्षं या शहरात राहून तू आधी कळवलं का नाहीस?" दुसऱ्याच वाक्यात तो 'तू'वर आला होता. मग घसा साफ करून त्याने विचारलं, "मामाचं काम काय असतं?"

"लाड करणं," चिमीची आई म्हणाली. दुसरं काय सांगणार?

चार दिवसांत लिफ्टमध्ये चिमीच्या उंचीवर एक पिवळं बटण बसलं. ते दाबलं की लिफ्ट मधल्या कुठल्याही मजल्याला भीक न घालता थेट चिमीच्या चौथ्या मजल्यावर यायची. आत दुसरं कोण आहे, त्याला कुठे जायचंय, याच्याशी तिचा संबंध नसे. शेजारी पहिल्यांदाच एकमेकांशी बोलू लागले, तक्रारीपुरते का होईना.

बसवाला चिमीने स्वतःच केला. मुलीला आईचंच वळण. एका सकाळी बस सुटताना ती "काका, थांबा!" म्हणून ओरडली, बसवाल्याने थांबून अर्थ विचारला आणि बाबांचा भाऊ हे कळल्यावर त्याने चिमीच्या आईला एवढंच विचारलं, "मोठा की धाकटा?" त्याचं वय नवऱ्याच्या वडिलांना शोभलं असतं. पण मोठ्या भावावर जबाबदाऱ्या असतात हे ऐकून त्याने धाकटा व्हायचं ठरवलं. तेव्हापासून चिमी आल्याशिवाय बस हलत नसे. ज्या शहरात बस उशिरा आली तर माणसं आधी स्वतःचं घड्याळ दुरुस्तीला टाकतात, त्या शहरात भरली बस चिमीचा मोजा सापडेपर्यंत उभी राहायची. आणि तो ध्वनिक्षेपकावरून सगळ्या प्रवाशांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "वहिनी, पोरीच्या गळ्याला मफलर नाही."

एवढ्यावर कुणीही कानाला खडा लावला असता. चिमीच्या आईनेही लावला होता. पण खालच्या मजल्यावरच्या बाई तक्रार घेऊन वर आल्या आणि सगळं मुसळ केरात गेलं.

या बाई कोर्टात शिरस्तेदार होत्या. न्यायाधीश येतात आणि जातात, कुठला कागद कधी पुढे सरकवायचा ते शिरस्तेदार ठरवतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण पाठ अजून कोर्टात बसल्यासारखी ताठ होती. मूल नाही, बाळ नाही, मांजरही नाही. त्यांची तक्रार अशी, की त्यांच्या छतावर कुणीतरी उड्या मारतं.

"चिमे, आत्यांना सॉरी म्हण," चिमीची आई म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिने जीभ चावली. पण शब्द दाराबाहेर गेला होता.

"आत्या म्हणजे?" शिरस्तेदारबाईंनी विचारलं.

"वडिलांची बहीण."

"म्हणजे मी तुमच्या नवऱ्याची बहीण. लेखी?"

"नाही हो, आपलं तोंडी."

"तोंडी शब्दही बांधील असतो. साक्षीदार?"

"मी आहे," चिमी म्हणाली.

बाईंनी चिमीकडे पाहिलं आणि मान डोलावली. मग दारातच उभं राहून त्यांनी चौकशी केली. नवऱ्याची बहीण म्हणजे तुझी कोण? नणंद. बरं. नणंदेचं वहिनीच्या बाबतीत कर्तव्य काय? इथे चिमीच्या आईला हसू फुटलं. सात महिन्यांचं पोट, बंद पडलेलं वॉशिंग मशीन, बंदरावर गेलेला नवरा, आणि ही बाई कर्तव्य विचारतेय. ती म्हणाली, "नणंद चुका काढते."

"कुणाच्या?"

"वहिनीच्या. घरातल्या. सगळ्याच."

"केव्हा?"

"जमेल तेव्हा."

"मला गुरुवारी जमेल," शिरस्तेदारबाई म्हणाल्या. "दुपारच्या जेवणानंतर."

आणि त्या खरोखर येऊ लागल्या. दर गुरुवारी, हातात काळी पर्स, डोळ्यांवर चष्मा. पहिल्या खेपेला खुर्चीच्या टोकावर बसून त्यांनी सगळ्या खोलीवर नजर फिरवली आणि कानापर्यंत लाल झाल्या. लोकांच्या घरातल्या चुका काढायची सवय नसते माणसाला. शेवटी महत्प्रयासाने म्हणाल्या, "तुझ्या खिडकीच्या चौकटीवर धूळ आहे." मग थोडं थांबून, "फार नाही." जाताना दारात विचारलं, "बरोबर झालं का?"

"छान झालं," चिमीची आई म्हणाली.

पुढे त्यांचा हात बसला. चहा पांचट आहे. परवाचे कपडे अजून दोरीवर आहेत. मुलीची वेणी वाकडी आहे, आण इकडे. मुलगी शेजारी बसून ओठ दाबून वेणी घालून घ्यायची. तू पाय खाली सोडून बसतेस, सूज येईल, हे स्टूल घे. भाजी सोलताना अर्धी सालाबरोबर जातेय, दे ती सुरी. अशा चुका काढता काढता गुरुवारी स्वयंपाकघर लख्ख व्हायचं, आणि बाई मात्र आपण किती कठोर बोललो म्हणून जिन्यात थांबून घाम पुसायच्या.

हे सगळं चिमीची आई फोनवर आपल्या आईला रंगवून सांगायची. "अगं, नाती काय अशी वाटत सुटतात का?" आजी म्हणायची. "मी कुठे वाटतेय? लोक घेतायत!" मग दोघी इतक्या हसायच्या की आजीला खुबा धरून गप्प बसावं लागायचं. फोन ठेवला की घर पुन्हा शांत व्हायचं आणि चिमीची आई बाळाच्या दुपट्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत बसायची. गंमत गंमत म्हणून किती दिवस चालणार? लिफ्टवाला काही खरा भाऊ नव्हे. प्रसूतीच्या खोलीत पिवळं बटण काय कामाचं?

मग व्हायचं तेच झालं. चिमीने आजोळी सांगितलेली गोष्ट फिरत फिरत खऱ्या नणंदेच्या कानावर गेली आणि ती रुसली. नवऱ्याचे फोन घेईना. घेतला तर म्हणे, "आता तुला तिकडे बहीण आहे ना, तिला सांग." नवरा शीतगृहातून घामाघूम होऊन घरी फोन करू लागला. "ताईने जेवण सोडलंय म्हणे."

"एका वेळचं सोडलं असेल," चिमीची आई म्हणाली. नणंदेला ती चांगली ओळखून होती.

शिरस्तेदारबाईंना हे कळलं तेव्हा त्या गंभीर झाल्या. एका जागेवर दोन नेमणुका म्हणजे फार मोठा घोळ. "दूरच्या बाईंना माझ्यासमोर बोलाव," त्या म्हणाल्या. गुरुवारी व्हिडिओ कॉल लागला. एका बाजूला खरी नणंद, ठेवणीतली साडी नेसून, गाल फुगवून. दुसऱ्या बाजूला शिरस्तेदारबाई, मांडीवर पर्स. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, म्हणून मध्ये दुभाषी चिमीची आई.

पहिली दोन वाक्यं जरा ताणाची गेली. मग खरी नणंद म्हणाली, "यांना विचार, हिच्याकडे अजूनही धुतलेली भांडी ओट्यावर पालथी पडलेली असतात का?"

चिमीच्या आईने नाइलाजाने भाषांतर केलं. शिरस्तेदारबाईंचा चेहरा उजळला. "असतात! दर गुरुवारी! मला वाटलं, फक्त मलाच खटकतं."

"त्या म्हणतात, असतात," चिमीची आई म्हणाली.

"आणि हिला फोन लावला की 'थांबा, गॅसवर काहीतरी आहे' असं सांगते का?"

"मला दारातच सांगते. एकदा मी बघितलं. गॅसवर काहीही नव्हतं."

स्वतःविरुद्धची अशी साक्ष दोन्ही बाजूंनी दोन भाषांत वाहून नेताना चिमीच्या आईच्या नाकी नऊ आले. एका जागी तिने थोडं गाळून पाहिलं, तर शिरस्तेदारबाईंनी लगेच बोट वर केलं. "वाक्य लांब होतं. उत्तर आखूड आलं." दोघी पुढे तासभर बोलल्या. शेवटी असं ठरलं, की जागेवरची तपासणी जवळच्या नणंदेने करायची आणि एकंदर देखरेख दूरच्या नणंदेने. खऱ्या नणंदेने त्या रात्री पोटभर जेवण केलं आणि भावाला फोन करून सांगितलं, "बाई फार समजूतदार आहेत. तुझ्या बायकोसारख्या नाहीत."

दिवस भरत आले. नवऱ्याचा आठवडा बंदरावरचा निघाला, आणि बाळालाही नेमका तोच मिळाला. गुरुवारची दुपार. शिरस्तेदारबाई खुर्चीवर बसून पडद्याकडे बघत होत्या. "या पडद्याची एक बाजू खाली आलीय," त्या म्हणाल्या. चिमीची आई बघायला उठली आणि उभीच राहिली.

"फरशी ओली झालीय," बाई म्हणाल्या. "ही आजची दुसरी चूक."

मग त्यांनी फरशीवरून नजर वर नेली, चिमीच्या आईचा चेहरा पाहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांची पर्स हातातून पडली.

पण पडली ती क्षणभरच. पुढच्या मिनिटाला त्या फोनवर होत्या. रुग्णवाहिका म्हणाली, थोडा वेळ लागेल. बाईंनी लिफ्टवाल्याला फोन लावला. "माहेरच्या बाजूला कळवणं माझं काम आहे," त्या म्हणाल्या. "कळवलं." तो शेजारच्याच इमारतीत होता. अवजारांची पिशवी घेऊन धावत आला, पिवळं बटण दाबून थेट वर आला, लिफ्टच्या दारात पाना अडकवून ती थांबवून ठेवली आणि बहिणीला धरून खाली उतरवलं. रस्त्यावर येतात तोच शाळेतून परतणाऱ्या चिमीला घेऊन बस दाराशी उभी राहत होती.

बसवाल्याने वहिनीकडे एकदा बघितलं. "चढा," तो म्हणाला.

बस पहिल्याच चौकात डावीकडे वळायची ती उजवीकडे वळली. मागून एक टायवाला गृहस्थ ओरडला, "अहो, माझा स्टॉप गेला!"

"घरचं काम आहे," ध्वनिक्षेपकावरून उत्तर आलं.

गृहस्थ खाली बसला. पुढच्या कळेला चिमीच्या आईने समोरच्या सीटची दांडी धरून जी किंकाळी फोडली, ती ऐकून त्याने स्वतःहून उठून तिला आपली जागा दिली आणि मग इस्पितळापर्यंत प्रत्येक सिग्नलला बसवाल्याच्या आधी तोच "जा, जा!" म्हणून ओरडत राहिला.

इस्पितळात टेबलामागे एक तरुण कारकून. "आत एकालाच सोडतो. जवळचं नातेवाईक कोण?"

"मी," लिफ्टवाला म्हणाला. "भाऊ."

"मी," शिरस्तेदारबाई म्हणाल्या. "नवऱ्याची बहीण."

"मी दीर आहे," बसवाला दारातून ओरडला, "पण माझी बस उभी आहे."

कारकुनाने तिघांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. चार माणसांत एक नाक दुसऱ्याशी जुळत नव्हतं, रंगाचं तर बोलायलाच नको. त्याने तिला विचारलं, "हे खरं आहे?"

टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून चिमीची आई म्हणाली, "खरं आहे." आणि सांगायची गोष्ट अशी, की आपण खोटं बोलतोय असं तिला मुळीच वाटलं नाही.

पहिला हक्क माहेरचा, असा निवाडा शिरस्तेदारबाईंनी जागच्या जागी दिला. लिफ्टवाला छाती काढून आत गेला. पलंग वरखाली होणारा होता. त्याने तो दोनदा वरखाली करून बघितला, एक स्क्रू आवळला, नर्सला तेल कधी घातलं होतं ते विचारलं. मग मोठी कळ आली. लिफ्टवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. "हे कुठून बंद करायचं?" त्याने नर्सला विचारलं, आणि ते कुठूनच बंद होत नाही हे कळल्यावर भिंत धरत धरत बाहेर आला. बाकावर चिमीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मामा, पाणी पी," ती म्हणाली.

मग शिरस्तेदारबाई आत गेल्या. खुर्चीच्या टोकावर बसल्या, पर्स मांडीवर. आपलं काम त्यांनी लगेच सुरू केलं. चादरीला सुरकुत्या आहेत. भिंतीवरचं घड्याळ मागे आहे. डॉक्टर फार तरुण आहे. चिमीच्या आईला एकीकडे हसू येत होतं आणि एकीकडे कंबर तुटत होती. आणि मग सगळं हसू संपवणारी कळ आली आणि ती ओरडली, "आई गं!"

बाई दचकल्या. "कुणाला बोलावतेस?"

तिला बोलता येईना. दम खाते न खाते तोच पुढची आली. "आई गं! आई गं!"

शिरस्तेदारबाई उठून बाहेर गेल्या. लांबलचक व्हरांडा दोन्ही बाजूंना बघून घेतला. कुणी येत नव्हतं. त्यांनी चिमीला विचारलं, "तुझी आई कुणाला हाका मारतेय?"

"तिच्या आईला," चिमी म्हणाली.

"मग ती येत का नाही?"

"ती लांब आहे. तिचा पाय मोडलाय."

बाई आत आल्या. पलंगाशी उभ्या राहिल्या. "तुझी आई इथे नाही," त्या म्हणाल्या.

"माहितेय मला."

"तरी हाक मारतेस."

"तोंडातून येते ती. सगळ्यांच्याच येते." चिमीच्या आईच्या डोळ्यांतून आता घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते कळेचं नव्हतं. "कुणी यायचं नसतं त्या हाकेला. मला माहीत होतं. मी एकटीच असणार हे मला पहिल्यापासून माहीत होतं."

शिरस्तेदारबाईंचं सगळं आयुष्य कोर्टाच्या पुकाऱ्यात गेलं होतं. नाव पुकारायचं आणि कुणी हजर व्हायचं नाही, ही गोष्ट त्यांना सहन होण्यासारखी नव्हती. त्यांनी चष्मा नीट केला. "ती जागा रिकामी आहे," त्या म्हणाल्या, "आणि मी नणंद आहे. एका माणसाला दोन जागा अडवता येत नाहीत. म्हणून मी नणंदेच्या जागेचा राजीनामा देते. आत्ता, तोंडी. मंजूर आहे का?"

"काय?"

"मंजूर आहे का, ते स्पष्ट सांग."

वरून कळ कोसळत होती. "मंजूर!" चिमीची आई जिवाच्या आकांताने ओरडली. "मंजूर! मंजूर!"

"असाच जोर," डॉक्टर म्हणाला. त्याला त्यांची भाषा कळत होती, पण व्यवहार कळत नव्हता.

"आई गं!"

"आले," शिरस्तेदारबाई म्हणाल्या.

त्यांनी पर्स खाली फरशीवर ठेवली, खुर्ची पायाने मागे सारली आणि आपला हात तिच्या हातात दिला. कोरडा, हाडकुळा, आयुष्यभर शिक्के मारलेला हात. चिमीच्या आईने तो पिळला. मग पुन्हा आणि पुन्हा. दर वेळी ती "आई गं" म्हणाली आणि दर वेळी वरून उत्तर आलं, "आले." कंटाळून नाही, घाईने नाही. नाव पुकारलं गेलंय आणि माणूस हजर आहे, अशा आवाजात. बाईंची बोटं पांढरी पडली, मग निळसर दिसू लागली. त्यांनी त्याबद्दल एका शब्दाने तक्रार केली नाही.

मुलगी झाली. व्हरांड्यात लिफ्टवाला ढसाढसा रडला आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला, विचारलं नसताना, "मी मामा आहे" असं सांगत सुटला. चिमीने बाळ पाहून "एवढंसंच?" असं विचारलं. बंदरावर नवऱ्याला कळवलं, तर तिथे त्याच्यासाठी खुर्ची आणावी लागली. फोनवर आजी आणि तिची लेक दोघी नुसत्या रडल्या. शिरस्तेदारबाई खिडकीशी उभं राहून दुखऱ्या हाताची बोटं एकेक करून वाकवून बघत होत्या.

"आत्या," चिमीच्या आईने हाक मारली.

त्या वळल्या नाहीत. "ती जागा मी सोडली. आता त्या दूरच्या बाई एकट्याच आहेत. त्यांना कळव, गुरुवारचंही त्यांनाच बघावं लागेल."

नर्स बाळाला पुसून, गुंडाळून शेजारी ठेवून गेली. लिफ्टवाला चिमीला काहीतरी खायला घालायला घेऊन गेला. कुठे दुखत नव्हतं, काही हवं नव्हतं. चिमीची आई छताकडे बघत पडली होती.

"आई गं," ती हळूच म्हणाली.

"आले." बाई लगबगीने पलंगाशी आल्या. "कुठे दुखतंय?"

"कुठेच नाही."

"पाणी हवंय?"

"नको."

"मग हाक कशाला मारलीस?"

"सहज."

शिरस्तेदारबाईंनी आयुष्यात सहज असं काही केलेलं नव्हतं. त्यांनी त्या उत्तराचा नीट विचार केला. मग खुर्ची ओढून पलंगाला टेकवली, आज पहिल्यांदाच पाठ टेकून बसल्या, आणि म्हणाल्या, "बरं. मारत जा."